दुसऱ्याच्या इंग्रजीवर पहारा: चूक काढावी तर कोणाची आणि कुठे?

अक्षरवेडा

मार्च २००८. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर डेझर्ट व्ह्यू नावाचा जुना दगडी मनोरा आहे. जेफ डेक आणि बेंजामिन हर्सन हे दोन तरुण तिथे पोचले. देशभर फिरून पाट्यांवरच्या इंग्रजीच्या चुका दुरुस्त करायच्या असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्या मोहिमेला 'टायपो इरॅडिकेशन ॲडव्हान्समेंट लीग' असं नावही दिलं होतं. मनोऱ्यात हाताने रंगवलेला एक फलक होता. त्यात बायकांसाठीच्या शब्दातला ॲपॉस्ट्रॉफी (अक्षराच्या डोक्याशी येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह) भलत्या जागी होता आणि एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता. दोघांनी पांढऱ्या शाईने जुनं चिन्ह झाकलं, मार्करने नवं काढलं, स्वल्पविराम भरला. त्याच फलकावर 'इमेन्स' या शब्दाचं स्पेलिंगही चुकलेलं होतं, पण फलक आणखी खराब नको म्हणून तेवढं सोडून दिलं. मग घडलेलं सगळं आपल्या संकेतस्थळावर लिहिलं.

तो फलक मनोऱ्याची वास्तुरचनाकार मेरी कोल्टर हिच्या हातचा होता, साधारण १९३२ सालचा. संकेतस्थळावरचं लिखाण हाच पुरावा झाला. ऑगस्टमध्ये दोघांनी ॲरिझोनातल्या कोर्टात गुन्हा कबूल केला. फलक पूर्ववत करण्यासाठी ३,०३५ डॉलर भरावे लागले, वर वर्षभर राष्ट्रीय उद्यानांत पाऊल टाकायला आणि सार्वजनिक पाट्यांना हात लावायला बंदी.

याच्या अगदी उलट स्वभावाचा माणूस म्हणजे इंग्लंडमधले जॉन रिचर्ड्स. आयुष्य वर्तमानपत्रात गेलेलं, निवृत्तीनंतर लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावी राहत होते. बाजारात जिकडे तिकडे चुकलेले ॲपॉस्ट्रॉफी दिसायचे, म्हणून २००१ मध्ये त्यांनी 'ॲपॉस्ट्रॉफी प्रोटेक्शन सोसायटी' काढली. सुरुवातीला सभासद दोनच, ते आणि त्यांचा मुलगा. दुकानदाराला ते पत्र पाठवायचे. पत्राचा सूर असा की, तुमच्यावर टीका करायची नाही, या चिन्हाबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून योग्य वापर कळवतो आहोत, दुरुस्त करावंसं वाटलं तर पाहा. त्याच वर्षी त्यांना साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची गमतीदार नक्कल असलेलं पारितोषिक, मिळालं. २०१९ च्या अखेरीस, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांनी संस्था बंद केली आणि अज्ञान व आळस जिंकले असं जाहीरपणे सांगितलं. २०२१ मध्ये ते गेले. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्या एका गृहस्थांनी संस्था पुन्हा चालवायला घेतली.

तिसरा ब्रिस्टलचा अनामिक. २०१७ मध्ये बीबीसीने त्याच्यावर वृत्तांत केला तेव्हा तो १३ वर्षं हे काम करत होता. रात्री शहरात फिरायचं आणि दुकानांच्या पाट्यांवर राहिलेला ॲपॉस्ट्रॉफी चिकटवायचा, जास्तीचा असेल तर झाकायचा. उंचावरच्या पाट्यांपर्यंत पोचायला त्याने लांब दांड्याचं एक अवजार स्वतः बनवलं होतं, त्याचं नाव 'ॲपॉस्ट्रॉफायझर'. उभं राहायला खास घोडी. आपण कायदा मोडतो असं त्याला वाटत नव्हतं. मुळात पाटी चुकीची लावणं हाच मोठा गुन्हा, असं त्याचं म्हणणं.

आणि चौथा प्रकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ट्विटरवर 'स्टेल्थ माउंटन' नावाचं एक स्वयंचलित खातं होतं. कोणीही 'स्नीक पीक' मधल्या दुसऱ्या शब्दाचं स्पेलिंग डोंगराच्या शिखराचं केलं की ते खातं तत्काळ येऊन चूक सांगायचं. लोक त्याला शिव्या घालायचे. एवढीशी दुरुस्ती, तीही बरोबर, तरी माणसं पेटून उठायची.

मला या विषयाची खरोखर आच आहे. भाषा नीट लिहावी असं मला मनापासून वाटतं, मराठी असो की इंग्रजी. पण माणसाच्या बोलण्यालिहिण्यावर चारचौघांत बोट ठेवणं मला क्रूर वाटतं. माझं मत असं: पाटी, सूचना, जाहिरात, म्हणजे जे सगळ्यांसाठी लावलेलं आहे, त्यातली चूक कोणीही दाखवावी, आणि ती रिचर्ड्सांसारखी दाखवावी. माणसाच्या तोंडच्या वाक्याला मात्र त्याने विचारल्याशिवाय हात लावू नये. तुम्हाला काय वाटतं?

---

लीड्सवासी

चांगला धागा. इकडे राहून हे प्रकार जवळून पाहतो आहे, म्हणून एक गोष्ट जोडतो जी तुमच्या लेखात राहिली.

इंग्लंडमध्ये ॲपॉस्ट्रॉफीवरून झालेली मोठी भांडणं दुकानदारांशी झालेली नाहीत, ती नगरपालिकांशी झाली आहेत. २००९ मध्ये बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने रस्त्यांच्या पाट्यांवरून हे चिन्ह काढूनच टाकायचं ठरवलं. २०१३ मध्ये मिड डेव्हनने तेच करायचा घाट घातला आणि लोक खवळल्यावर माघार घेतली. २०१४ मध्ये केंब्रिजने नव्या रस्त्यांच्या नावांत ॲपॉस्ट्रॉफी नको असा नियम केला, कारण काय तर रुग्णवाहिका आणि अग्निशमनवाल्यांचा पत्त्यावरून गोंधळ होऊ नये. रात्रीतून कोणीतरी काळा मार्कर घेऊन पाट्यांवर चिन्हं भरत सुटलं. कौन्सिलला नियम मागे घ्यावा लागला.

आमच्या जवळचं उदाहरण २०२४ चं. नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलने हॅरोगेटमध्ये 'सेंट मेरीज वॉक' या रस्त्याची नवी पाटी ॲपॉस्ट्रॉफीशिवाय लावली. पत्त्यांच्या डेटाबेसला विरामचिन्हं अडचणीची होतात, हे कारण. थोड्याच दिवसांत पाटीवर कोणीतरी पेनाने चिन्ह काढलं. इथे लोकांनी ते काढणाऱ्याला भुरटा म्हटलं नाही, उलट पाठिंबा दिला. काही महिन्यांत कौन्सिलने धोरण बदललं.

म्हणजे एकच मार्कर, एकच चिन्ह. ब्रिस्टलमध्ये तो मार्कर नखं रंगवणाऱ्या छोट्या दुकानावर चालतो, हॅरोगेटमध्ये सरकारी कचेरीवर. तुमचं 'पाटी की माणूस' हे माप मला म्हणून अपुरं वाटतं. पाटीच्या मागेही माणूस असतोच. कौन्सिलकडे पाटी बदलायला पैसा आहे, खातं आहे, प्रवक्ता आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे यातलं काय आहे? चूक वरच्याची काढताय की खालच्याची, हे आधी बघायला हवं.

---

रानफूल

लीड्सवासी यांना +१. आपल्याकडे ढाब्यावरच्या 'चाइल्ड बियर'चे फोटो पिढ्यान् पिढ्या फिरतायत. गार बियर मिळेल एवढं त्या माणसाला सांगायचं आहे आणि ते प्रत्येकाला कळतं. पण त्याच महामार्गावर सरकारी खात्याने गावाच्या नावाचं रोमन स्पेलिंग दोन फलकांवर दोन प्रकारे लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून तक्रार करणारा क्वचितच दिसतो. परगावचा माणूस चुकतो तो त्या दुसऱ्या चुकीमुळे.

---

खिळेजुळारी

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. आधी खिळ्यांच्या छापखान्यात, मग संगणकावर, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. चूक काढणाऱ्याला क्रूर म्हटलं की मला लागतं, म्हणून लिहितो आहे.

आमच्या धंद्याची रीत सांगतो. गॅली, म्हणजे छापण्याआधीची कच्ची प्रत, हातात आली की आधी मूळ प्रतीशी ताडून पाहायची. ओळीत खूण छोटी आणि समासात तिचा खुलासा, असं का, की जुळाऱ्याने ओळ वाचू नये, फक्त समास पाहून खिळा बदलावा. निव्वळ अक्षराची चूक असेल तर सरळ दुरुस्ती. पण लेखकाची शैली की चूक असा संशय आला तर समासात प्रश्नचिन्ह. शंका लेखकाकडे जाणार, तो ठरवणार. त्याने 'आहे तसं राहू द्या' म्हटलं की शब्दाखाली टिंबं द्यायची आणि बाजूला 'स्टेट' लिहायचं. ज्या शोधकाला प्रश्नचिन्ह टाकायची लाज वाटते तो धोकादायक, हे मला माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं.

ग्रँड कॅन्यनच्या पोरांची चूक इथे आहे. स्पेलिंग त्यांना येत होतं. पण फलक कोणाचा, कधीचा, तो तसाच ठेवण्यामागे काही कारण आहे का, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. शंका काढायची पायरीच गाळली.

आणि अक्षरवेडा, तुमच्याशी एक मतभेद. विचारल्याशिवाय हात लावू नये हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं, पण ज्याला चूक झाली आहे हेच माहीत नाही तो विचारणार कशाला? अर्जात, बायोडेटात, दुकानाच्या पाटीत चूक राहिली की तोटा त्याचा होतो. दिसत असून गप्प बसणाऱ्याला मी सज्जन मानत नाही. छापण्याआधी सांगा, एकट्याला सांगा, कारणासकट सांगा. एकदा छापून झालं, सगळ्यांसमोर आलं, की मग दाखवलेल्या चुकीचा फायदा चूक करणाऱ्याला फारसा होत नाही.

---

अक्षरवेडा

खिळेजुळारी, 'एकट्याला' हा शब्द मला मान्य आहे. मी 'विचारल्याशिवाय नको' म्हणतो ते अनोळखी माणसांबद्दल. तुमच्याकडे गॅली येत होती कारण ती तपासायचं काम तुम्हाला दिलेलं होतं. समाजमाध्यमांवर कोणीच कोणाला गॅली पाठवलेली नसते. तिथे कोणी आजारी आईसाठी रक्तदाते शोधत असतो आणि खाली पहिला प्रतिसाद 'युअर'च्या स्पेलिंगवर येतो. एकट्यालाही अशा वेळी सांगू नये.

---

पाळीदार

मी एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर सुपरवायझर आहे. शिक्षण मराठी माध्यमात, मग आयटीआय, मग नोकरी करता करता डिप्लोमा. एक अनुभव लिहितो, कंपनीचं नाव सांगणार नाही.

आमच्याकडे 'निअर मिस'चे फॉर्म असतात. म्हणजे अपघात झाला नाही पण होता होता राहिला, तर ते लिहून द्यायचं. क्रेनची साखळी घसरली, गार्ड उघडा असताना मशीन सुरू झालं, जमिनीवर तेल होतं, असं काहीही. सुरक्षेच्या कामात या कागदाइतकं मोलाचं दुसरं काही नाही. फॉर्म इंग्रजीत. माणसं मोडक्यातोडक्या इंग्रजीत भरायची, पण भरायची.

एक नवे साहेब आले. त्यांनी एका हेल्परच्या फॉर्ममधली वाक्यं लाल शाईने दुरुस्त केली, स्कॅन केलं आणि सगळ्या विभागांना मेलवर पाठवलं. वर लिहिलं, आपल्या लिखाणाचा दर्जा सुधारायला हवा. हेतू वाईट नसेलही. त्या फॉर्ममध्ये हेल्परने लिहिलं होतं की प्रेसचा दोन हातांनी दाबायचा स्विच एका हाताने चालतो आहे. मेलवर चर्चा झाली ती काळ चुकला, आर्टिकल राहिलं, यावर. स्विचबद्दल त्या साखळीत कोणी काही लिहिलं नाही. मी आणि मेंटेनन्सच्या माणसाने जाऊन तो बदलून घेतला.

त्यानंतर फॉर्म यायचे थांबले. तक्त्यावर महिनाभर 'निल'. ऑडिटला ते चांगलं दिसतं. पण साखळ्या घसरतच होत्या, तेल सांडतच होतं. पुढे सेफ्टी ऑफिसरनी मराठीत लिहायची मुभा मागून घेतली आणि एका बाजूला नुसतं चित्र काढायची जागा ठेवली, तेव्हा कागद पुन्हा यायला लागले. पण ज्याच्या फॉर्मवर लाल शाई फिरली त्याने मराठीतसुद्धा परत कधी भरला नाही. तोंडी येऊन मला सांगतो.

म्हणून 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही.

---

शांतनदी

पाळीदार, तुमचा प्रतिसाद प्रत्येक एचआरने वाचावा असा आहे.

---

कलमबहाद्दर

दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी करारमदार वाचण्याच्या कामात आहे आणि विरामचिन्हांना क्षुल्लक म्हणणं मला परवडत नाही.

अमेरिकेत मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी नावाची दूध कंपनी आहे. तिच्या ट्रकचालकांनी २०१४ मध्ये ओव्हरटाइमसाठी दावा लावला. राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम कोणाला मिळणार नाही त्याची यादी होती: नाशवंत मालाचं डबाबंद करणं, प्रक्रिया, टिकवणं, गोठवणं, सुकवणं, विक्री, साठवण आणि शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी' असं वाचता येईल असे शब्द. 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. कंपनी म्हणाली, बांधणी वेगळी आणि वितरण वेगळं, आणि चालक वितरण करतात म्हणून ओव्हरटाइम नाही. चालक म्हणाले, दोन्ही शब्द बांधणीलाच लागू आहेत आणि आम्ही बांधणी करत नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टाने कायदा संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निकाल दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर कायद्याच्या त्या यादीत अर्धविराम घातले गेले.

इथे बारकाईने वाचणारा माणूस कष्टकऱ्याच्या कामी आला हे विसरू नका. पाळीदारांच्या साहेबांचं वागणं चुकीचं होतंच. पण त्यावरून शुद्ध लिहिण्याचा आग्रहच उच्चभ्रू ठरवला जातो, ते मला मान्य नाही. गरिबाचा अर्ज चुकीच्या वाक्यामुळे फेटाळला जातो तेव्हा 'भाषा प्रवाही असते' हे वाक्य त्याच्या काही कामाचं नसतं.

---

सातासमुद्रापार

'बरोबर' इंग्रजी म्हणजे कोणाचं, हा प्रश्न अजून कोणी विचारला नाही.

आज ज्यांना नियम म्हणतात त्यातले बरेचसे अठराव्या शतकात पुस्तकात बसले. १७६२ मध्ये रॉबर्ट लौथ यांचं छोटेखानी व्याकरण आलं. पुढे ते लंडनचे बिशप झाले. त्यांच्या तळटीपा वाचनीय आहेत. शेक्सपियर, मिल्टन, बायबलचं भाषांतर, स्विफ्ट, सगळ्यांची वाक्यं चुकांची उदाहरणं म्हणून तिथे हजर. ज्यांच्यामुळे भाषा मोठी झाली तेच तळटिपेत गुन्हेगार.

आपल्या बाजूचा वाद १९९० च्या सुमाराचा. ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांनी मांडलं की भारत, नायजेरियासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांना प्रमाण इंग्रजीच शिकवलं पाहिजे. स्थानिक प्रकारांचं कौतुक करून आपण त्यांना अर्धवट माल देतो आणि भोगतात ते. मूळचे काश्मीरचे आणि अमेरिकेत इलिनॉयला शिकवणारे ब्रज कचरू यांनी १९९१ मध्ये उत्तर दिलं. भारतात इंग्रजी दोन शतकं नांदते आहे, इथल्या लोकांनी तिला इथल्या गरजांसाठी वळवलं आहे, आणि त्यातली प्रत्येक वेगळी गोष्ट ही चूक नसून काही गोष्टी या इथल्या रीती आहेत. मी कचरूंच्या बाजूचा आहे, पण क्वर्क यांची काळजी खोटी नव्हती. कलमबहाद्दर यांचा शेवटचा परिच्छेद तीच काळजी आहे.

विकिपीडियाने यातून एक व्यवहार्य वाट काढली आहे. इंग्रजी विकिपीडियाचा नियम आहे की भारताविषयीच्या लेखात भारतीय इंग्रजी चालेल, ब्रिटनविषयीच्यात ब्रिटिश, आणि उगाच एकाचं दुसऱ्यात रूपांतर करत बसायचं नाही. त्याच विकिपीडियावर 'जिराफडेटा' नावाने काम करणारा एक संपादक आहे. 'कम्प्राइज्ड ऑफ' हा प्रयोग त्याला चुकीचा वाटतो. २००७ पासून तो शोधून शोधून बदलतो आहे, आणि २०१५ पर्यंत अशी ४७,००० हून जास्त संपादनं झाली होती. शब्दकोश हा प्रयोग नोंदवतात, त्यामुळे अनेकांना तो निव्वळ हट्ट वाटतो. पण आपण हे का करतो याचं सविस्तर विवेचन त्याने लिहून ठेवलं आहे, आक्षेप घेणाऱ्यांना उत्तरं देतो, आणि वाक्य लिहिणाऱ्याला अडाणी म्हणत नाही. मला त्याचं मत पटत नाही, तरी त्याची पद्धत मला आदरणीय वाटते.

---

मुक्काम_सिंगापूर

इथे हे काम सरकारनेच केलं. १९९९ च्या राष्ट्रीय दिनाच्या भाषणात पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी टीव्हीवरच्या एका लोकप्रिय विनोदी मालिकेतल्या कंत्राटदाराच्या सिंग्लिशवर, म्हणजे इथल्या बोलीतल्या इंग्रजीवर, नाराजी व्यक्त केली, आणि मालिकेत त्या पात्राला इंग्रजीच्या वर्गाला घातलं गेलं. २००० पासून 'स्पीक गुड इंग्लिश' चळवळ. तरी माझे शेजारी, सहकारी, भाजीवाली, सगळे एकमेकांशी सिंग्लिशच बोलतात आणि बँकेत गेले की झटकन सूर बदलतात. दोन्ही येणं हेच त्यांचं कसब आहे. माझ्या मुलीला दोन्ही येतात याचा मला आनंद आहे.

---

गुणाकार

अभ्यासातली एक गोष्ट. मिशिगन विद्यापीठाच्या जूली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ८३ लोकांना, घर वाटून राहायला कोणी हवं आहे अशा जाहिरातीला आलेले मेल वाचायला दिले. काहींमध्ये टंकनाच्या चुका, काहींमध्ये 'युअर', 'देअर' छापाच्या चुका. लिहिणारा माणूस कसा वाटतो ते विचारलं आणि वाचणाऱ्यांचा स्वभावही तपासला. ज्यांचा स्वभाव जुळवून घेण्याचा कमी, ते व्याकरणाच्या चुका करणाऱ्यांबद्दल जास्त कडक निघाले. वय आणि शिक्षणाने फारसा फरक पडला नाही. एवढ्याशा प्रयोगावरून फार निष्कर्ष काढू नयेत, पण आपण समोरच्याला जोखतो त्यात आपला स्वभाव किती उतरतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

---

फळा_आणि_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धागा दोनदा वाचला, मग लिहायचं धाडस केलं.

२००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. पुढे सेमी इंग्रजी आलं, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आमच्यासारख्या कितीतरी जणींनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेली. शिकवायचं म्हणून शिकलो, प्रशिक्षणं केली, अजून शिकतोय. वर्गात मला भीती वाटत नाही. मुलं चुकतात, मी थांबवत नाही, वाक्य पूर्ण होऊ देते आणि उत्तर देताना तेच वाक्य नीट करून बोलते. मूल ते उचलतं. लगेच नाही, पण उचलतं.

भीती पालकांच्या व्हॉट्सॲप गटाची आहे. सहलीची सूचना इंग्रजीत टाकली होती, सेमीचे पालक तशी मागणी करतात म्हणून. एका पालकाने त्यातल्या एका शब्दाभोवती लाल गोल काढून तोच फोटो गटावर परत टाकला आणि खाली लिहिलं, हे आमच्या मुलांना काय शिकवणार? बाकीचे कोणी काही बोलले नाहीत. मी सहल नीट पार पाडली. तेव्हापासून सूचना मराठीतच देते, आणि मग 'सेमी असून सूचना मराठीत का' अशी तक्रार मुख्याध्यापकांकडे गेली.

सातासमुद्रापार म्हणतात ते मला समजतं, पण त्या गटावर कचरूंचं नाव सांगून चालणार नाही. चूक तर होती, शाळेच्या सूचनेत नसावी हेही खरं. पाटी सगळ्यांसाठी असते तशी सूचनाही सगळ्यांसाठीच. मग त्या पालकाने दाखवली त्यात गैर काय, असं अक्षरवेडा यांच्या पहिल्या मापाने म्हणता येईल का?

---

अक्षरवेडा

ताई, म्हणता येईल, आणि म्हणूनच ते माप पुरत नाही. लीड्सवासी यांनी ते आधीच दाखवलं होतं, तुमच्या प्रतिसादाने ते मला नीट दिसलं. त्या पालकाकडे तुमचा नंबर होता, चूक तुम्हाला एकटीला कळवून दोन मिनिटांत सूचना बदलून घेता आली असती. त्याने गोल काढलेला फोटो गटावर टाकला तेव्हा शब्द दुरुस्त होणार नव्हता, फक्त तुमचा अधिकार वर्गाच्या बाहेर कमी होणार होता. आणि गप्प बसलेले बाकीचे पालक मला जास्त खटकतात. एकाने जरी 'बाईंना कळवतो, सहलीच्या डब्याचं बोलू' असं लिहिलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. अशा वेळी गटातल्या तिसऱ्या माणसाने बोलायचं असतं. मी बोलतो, आणि इथे वाचणाऱ्यांनीही बोलावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

---

रानफूल

दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात १९०९ सालचं ओखिल चंद्र सेन या बंगाली प्रवाशाचं पत्र ठेवलं आहे. शौचासाठी स्टेशनवर उतरावं लागलं, तेवढ्यात गार्डने शिट्टी मारली, गाडी निघाली आणि धोतर सावरत धावताना फजिती झाली, अशी ती तक्रार. इंग्रजी अगदी तोडकंमोडकं. शंभर वर्षांनंतरही लोक ते हसायला पुढे पाठवतात. मला ते वाचताना हसू येत नाही. एका माणसाने साहेबाच्या भाषेत, जशी येते तशी, साहेबाला जाब विचारला आहे. ताई, तुम्ही इंग्रजीत सूचना लिहिणं सोडू नका.

---

कलमबहाद्दर

रानफूल, सोडू नका हे बरोबर, पण पुढची सूचना गटावर जाताना ती निर्दोष असायला हवी. ताईंना धीर तर द्यायचाच, पण मदतही करायला हवी. शाळेच्या सूचना ठरावीक असतात: सहल, पालकसभा, लसीकरण, परीक्षेचं वेळापत्रक, सुट्टी. दहाबारा नमुने एकदा तपासून ठेवले की फक्त तारखा बदलायच्या. बँका आणि कचेऱ्या हेच करतात, तिथला प्रत्येक माणूस इंग्रजीत पारंगत नसतो.

---

खिळेजुळारी

हे काम माझ्याकडे द्या. वेळ आहे आणि सवय मोडलेली नाही. ताई, सूचना टाकण्याआधी मला व्यनि (खासगी निरोप) करा. नमुनेही करू. आणि इतर कोणा शिक्षकांना हवं असेल तर त्यांनीही पाठवावं. इथे जाहीर टाकू नका, व्यनितच.

---

फळा_आणि_खडू

काका, आत्ताच पालकसभेची पाठवली. एका ठिकाणी मलाच शंका आहे, तिथे तुमच्या पद्धतीने बाजूला प्रश्नचिन्ह केलं आहे.

---

खिळेजुळारी

मिळाली. दोन ठिकाणी खुणा केल्या आहेत, प्रत्येकीचं कारण शेजारी मराठीत लिहिलं आहे, वाचून मगच बदला. तुमच्या प्रश्नचिन्हाच्या जागी तुमचंच वाक्य योग्य होतं, खाली टिंबं देऊन ठेवली आहेत. एक शंका माझी: सभेची वेळ चार लिहिली आहे, पण शेतावरून येणाऱ्या पालकांना चार जमेल का?

---

फळा_आणि_खडू

नाही जमणार. सहा करते.